पुढची सीट

गुरुसिद्धप्पा अंडं खात नाही. त्याच्या घरात अंड्याला प्रवेश नाही. तरीही आयुष्यातली अकरा वर्षं त्याने अंडीच वाहिली. नळदुर्गचा माणूस, हैदराबादकडून अंड्यांचे ट्रे भरायचे आणि हायवेने सोलापूरला आणून उतरवायचे, हा धंदा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि पाठीशी तीस-तीस हजार अंडी. घरचे नावं ठेवायचे, पाहुणे हसायचे. पण गाडी चालवायला त्याला शिकवलं ते अंड्यांनीच. खड्डा दिसल्यावर ब्रेक मारणारा ड्रायव्हर हा झोपेतून उशिरा उठलेला माणूस, असं त्याचं स्पष्ट मत आहे. खड्डा येण्याआधीच गाडी हळू झालेली पाहिजे. मग मागे अंडी असोत नाही तर माणसं.

सात वर्षांपूर्वी त्याने अंडी सोडली आणि सतरा सीटची मिनीबस घेतली. तेव्हापासून नळदुर्ग, अणदूर आणि आमच्या बेंबळीपर्यंतची देवदर्शनं, साखरपुडे, सहली सगळ्या त्याच्याच गाडीतून होतात. मिळायला मिनीबस दुसऱ्याही मिळतात. चकचकीत, रंगीत दिव्यांच्या, कान फुटेस्तोवर गाणी लावणाऱ्या. पण गुरुसिद्धप्पाची एक सवय दुसऱ्या कुणाला नाही. गाडी ठरली की निघायच्या दोन दिवस आधी तो मोटरसायकलवरून गावात येतो, चहा घेतो, आणि कोण कुठे बसणार ते ठरवून जातो.

"गाडी फोनवर ठरती," तो म्हणतो, "सीटा न्हाय ठरत. माणूस बघावं लागतंय."

कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला लघवीला सारखं उतरावं लागतं, कुणाला ऊन सोसत नाही, कुठल्या जावा एकमेकींशी बोलत नाहीत, हे सगळं तो विचारून घेतो. डॉक्टर विचारणार नाही इतकं विचारतो. पहिल्यांदा तो आमच्या ओट्यावर बसून हे सारं विचारू लागला तेव्हा मला वाटलं, हा ड्रायव्हर आहे की सोयरीक जमवणारा? मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं हाकली आहेत. मला प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. पण गुरुसिद्धप्पापुढे मी गुमान उत्तरं देते. गेल्या फेब्रुवारीत मात्र मी त्याला एक उत्तर खोटं दिलं, आणि त्याने ते जागच्या जागी पकडलं.

आमचं भजनी मंडळ गाणगापूरला निघालं होतं. सोळा माणसांची यादी मी केली होती. गुरुसिद्धप्पाने यादी बघितली आणि विचारलं, "बाई, गाडी कुणाला लागती?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

त्याने यादी पुन्हा वरून खाली वाचली. "मंग तुमच्या गावातली गाडी लागणारी माणसं कुटं गेली?"

"म्हणजे?"

"परत्येक गावात चार तरी असत्यात. यादीत एक बी न्हाय, म्हंजे तुमी गाळल्यात."

मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत गेले. खरं सांगायचं तर मी एकच नाव गाळलं होतं, पण ते जाणूनबुजून गाळलं होतं. कडूबाईचं.

कडूबाई आमची शेजारीण. अडुसष्ट वर्षांची, विधवा, अजून स्वतः रानात राबणारी. आधीची दोन पोरं जगली नाहीत म्हणून आईबापांनी तिसरीचं नाव कडू ठेवलं, ती जगली आणि अशी जगली की कधी साधा तापही नाही. पण चाकाची वस्तू दिसली की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. धाराशिवला जायचं म्हटलं तरी अर्ध्या वाटेत तिला उलट्या सुरू व्हायच्या. चार वर्षांपूर्वी तुळजापूरला जाताना ती जीपमध्ये माझ्या शेजारी होती आणि माझं नवंकोरं इरकल लुगडं तिने ज्या अवस्थेला नेलं ते मी लिहीत नाही. तेव्हापासून मी तिच्या शेजारी बसायचं टाळते. हे काही शोभणारं नाही, पण जे आहे ते आहे.

आणि याच खेपेला तिला न्यायला हवं होतं, हे मला ठाऊक होतं. तिची एकुलती एक लेक दीपमाला दुधनीला दिलेली, अक्कलकोटच्या पुढे, अगदी गाणगापूरच्या वाटेवर. लग्नाला एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत कडूबाईने लेकीचं घर पाहिलेलं नाही. पहिल्या नातवाच्या वेळी एकदा एसटीने निघाली होती. नळदुर्गच्या स्टँडवर तिला अक्षरशः उचलून उतरवावं लागलं. परत गाडीत चढायची तिची छाती झाली नाही, म्हणून दोन दिवस चालत बेंबळीला आली. दीपमालाला भाऊ नाही. सण असो, बारसं असो, माहेरचं म्हणून दारात कुणी नाही. सासूने एकदा चारचौघींत विचारलं होतं, "हिला माहेर खरंच हाय, का कागदावरच हाय?" दीपमाला हे माझ्याजवळ फोनवर सांगून रडली होती. आता तिने नवं घर बांधलं होतं आणि त्याची वास्तुशांत नेमकी आमच्या जायच्याच दिवशी होती.

मी बाहेर आले आणि गुरुसिद्धप्पाला सगळं सांगून टाकलं. तो तडक उठून कडूबाईच्या अंगणात गेला. मीही मागोमाग गेले.

कडूबाई शेंगा फोडत बसली होती. "म्या न्हाय येत," ती बघताक्षणीच म्हणाली. "मला गाडी लागती. लोकाचा परवास कशाला नासवू?"

गुरुसिद्धप्पा तिच्यासमोर उकिडवा बसला. "अव्वा," तो म्हणाला. आईच्या वयाच्या प्रत्येक बाईला तो कानडीतच आई म्हणतो. "गाडीत बसता कुटं?"

"मागं. समद्यांच्या मागं. म्हंजी कुणाला तरास न्हाय."

"खाऊन निघता का?"

"बया! आदल्या रातीपासनं पाणी बी पीत न्हाय. पोटात असंल तर पडंल न्हवं?"

"आन डोळं?"

"मिटून घेते. पदर घेते तोंडावर, खिडकीचा पडदा वडते."

गुरुसिद्धप्पाने कपाळावर हात मारला. "अव्वा, उपाशीपोटी, सगळ्यात मागं, डोळं मिटून! आसं बसलं तर मला बी लागंल." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "मला लागतीच. दुसऱ्याच्या गाडीत मागं बसलो की अजून बी लागती. ल्हानपणी लई लागायची. म्हणून तर ड्रायव्हर झालो."

मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

"ड्रायव्हरला गाडी लागलेली कुणी बघितलीय का?" तो म्हणाला. "कशामुळं न्हाय लागत? त्याला रस्ता दिसतोय. वळण यायच्या आदी त्याच्या पोटाला कळतंय. बरं मला सांगा, तुमाला बैलगाडी लागती का?"

"न्हाय बा. बैलगाडी कशाला लागंल?"

"का न्हाय लागत?"

कडूबाईने शेंगा बाजूला ठेवल्या आणि खरोखरच विचार केला. "पुडं बैलं दिसत्यात की," ती म्हणाली.

"मंग झालं! माझ्या गाडीत बी पुडं बसायचं. माझ्या शेजारी. भाकरी खाऊन यायचं. आन डोळं उघडं ठिवायचं." तो उठला. "तुमाला लेकीच्या दारात पोटातलं पाणी न हलवता न्हाय उतरवलं, तर या गावाचं भाडं म्या पुन्ना घेणार न्हाय."

हे तो मोठ्याने बोलला, आणि शेजारच्या दोन बायकांनी ऐकलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या बेंबळीने ऐकलं. बेंबळीचं भाडं म्हणजे त्याच्या वर्षाच्या धंद्यातला मोठा वाटा. पैज त्याने एका अडुसष्ट वर्षांच्या पोटावर लावली होती.

आता अडचण एवढीच होती की पुढची सीट रिकामी नव्हती. ती आमच्याच घरात होती.

आमचे हे, हिंमतराव, सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनपद जाऊन नऊ वर्षं झाली, पण गाव अजून चेअरमन म्हणतं आणि हेही अजून ओ देतात. आमच्याकडे गाडी कुठलीही असो, जीप असो की ट्रॅक्टर, ड्रायव्हरशेजारची जागा गावातल्या मानाच्या माणसाची. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि कुणी मोडलेलंही नाही. बायका मागे, म्हाताऱ्या त्याहून मागे आणि जिला त्रास होतो ती चाकावरच्या शेवटच्या बाकावर. मुकी बिचारी कुणीही हाका. तीस वर्षं आमच्या ह्यांनी पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरांना गाडी चालवायला शिकवलं आहे. "दाब की", "काढ पुढं", "उजव्या अंगानं घे." स्वतःला सायकलखेरीज काही चालवता येत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला गाडी देवळापाशी लागली. हे पहिल्यांदा चढून पुढे बसलेले. खांद्यावर नवा टॉवेल, डोक्यावर कडक टोपी. कडूबाई खाली पिशवी घेऊन उभी. तिने गुरुसिद्धप्पासमोर भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली होती. त्याने उभं राहून खायला लावली होती.

"चेअरमन," गुरुसिद्धप्पा म्हणाला, "तुमची सीट मागं ठिवलीय. हितं अव्वा बसत्यात."

"काय?"

"हितं अव्वा बसत्यात."

ह्यांचा चेहरा लाल झाला. "गाडी कुणी ठरवली रे?"

"तुमी."

"मग?"

"गाडी तुमी ठरवली. सीटा म्या ठरवितो. नळदुर्ग, अणदूर, सगळीकडं असंच हाय."

"तीस वर्षं बसतोय मी हितं! ड्रायव्हरनं मला उठवायचं?"

गुरुसिद्धप्पा चिडला नाही. त्याने किल्ली काढली आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. "मंग चालवा तुमीच," तो म्हणाला आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसला.

मंडळ एकमेकांकडे बघू लागलं. मृदंग मांडीवर घेऊन बसलेला बिरदेव त्याच्या वाद्या ओढून बघू लागला. कडूबाई माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, राहू द्या. म्या जाते घरला. आमच्यापायी भांडण नगं." आणि ती खरंच वळली.

ती पाठ मी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. राग ह्यांच्यावर होता, पण त्याहून जास्त स्वतःवर होता. एका लुगड्यापायी मी या बाईचं नाव यादीतून गाळलं होतं, आणि ती मात्र आमचं भांडण मिटावं म्हणून लेकीचं घर सोडायला निघाली होती. मी गाडीच्या पुढच्या दाराशी गेले. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत मी ह्यांना उलट बोललेले नाही. घरात रोज बोलते, ते निराळं.

"उतरा," मी म्हणाले. वर्गात म्हणायची तशी.

"अगं, पण..."

"उतरा खाली. नाहीतर मी भजनाला पायीच जाते, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत जाते की का."

हे उतरले. मागच्या बाकापर्यंत जाताना त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. मी कडूबाईचा हात धरून तिला वर चढवलं. गुरुसिद्धप्पा पायरीवरून उठला, विभूतीचं बोट दाराला लावलं आणि गाडी सुरू केली. अशी सुरू केली की सुटली हे कळलंसुद्धा नाही.

पहिले पाच-सात किलोमीटर कडूबाई दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून, श्वास कोंडून बसली होती. मी तिच्या बरोबर मागे होते, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन. उगाच कशाला खोटं सांगू, चार पिशव्या होत्या. मग रस्त्याकडेला काढणीला आलेली ज्वारी दिसली आणि ती एकदम म्हणाली, "लई दाट पेरलीय." थोड्या वेळाने, "ह्यो हरभरा घाटे गाळतोय." पुढे, "ही हीर कुणाची? पाणी हाय अजून." गाडीत कुजबुज झाली. या वाटेने ती आधी गेलेली होती, पण पदराखाली. डोळ्यांनी ती आज पहिल्यांदा निघाली होती.

नळदुर्गला किल्ल्याची तटबंदी दिसली तेव्हा ती सीटवर उठायला लागली. "एवढा मोठा? म्या हितं स्टँडावर दिसभर पडून हुते, मला कुणी सांगितलं न्हाय!" गुरुसिद्धप्पाने गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं उभी केली, फक्त तिला तट नीट बघता यावा म्हणून. मग आम्ही चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला. तिनेही खाल्ला. आठ वाजत आले होते आणि माझ्या चारही पिशव्या घडीच्या घडीत होत्या.

अक्कलकोटच्या पुढे मात्र कसोटी आली. रस्त्याचं काम चाललेलं, कच्चं वळण, धूळ, आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन काळा धूर सोडत चाललेला. ओव्हरटेकला जागा नाही. खिडक्या लावल्या तर कोंडतंय, उघडल्या तर धूर येतोय. कडूबाईचं बोलणं थांबलं. तिचा हात पदराकडे गेला. मी एक पिशवी उलगडली. गाडीतले सगळे माना लांब करून पुढे बघू लागले. दुधनी आता दहा-बारा किलोमीटरवर होती.

"अव्वा," गुरुसिद्धप्पा म्हणाला, "डोळं मिटू नगा. ट्रॅक्टरकडं बघू नगा. लांब ते झाड दिसतंय का?"

तिने मान वर केली.

"कशाचं हाय?"

"...लिंब," ती कशीबशी म्हणाली.

"आन त्याच्या पल्याड?"

"बाभळ."

"त्याच्या पल्याड?"

"दिसंना... चिच हाय. चिच. बक्कळ लागलीय."

"निधाना, अव्वा, निधाना. सावकाश. आता चिचंच्या पल्याडचं सांगा."

अशी झाडाझाडांवरून त्याने तिला चालवत नेली. गाडी तो चालवत होताच, पण मला वाटतं त्या दोन किलोमीटरांत तो गाडीपेक्षा तिलाच चालवत होता. त्याचा सदरा पाठीवर भिजला होता. खड्डा यायच्या आधी गाडी हळू होत होती, वळणाआधी तो "आता डाव्या अंगाला जायचं" म्हणून सांगत होता, आणि कडूबाई मान हलवत होती. बैलांना कासरा लागावा तशी तिची मान वळणाआधीच वळू लागली.

आणि मग तो आवाज आला. पोटातून येणारा, ओळखीचा, भयंकर आवाज. मी उलगडलेली पिशवी पुढे धरली. गुरुसिद्धप्पाच्या हातांची पकड घट्ट झालेली मी पाहिली.

पण आवाज मागून आला होता.

शेवटच्या बाकावर माजी चेअरमन नव्या टॉवेलात तोंड घालून बसले होते. बिरदेव त्यांची पाठ चोळत होता. मी माझ्या चारही पिशव्या मागे दिल्या, चारही लागल्या. गाडीत आधी एकजण हसला, मग दोघं, मग सगळे. माणसाच्या दुखण्यावर हसू नये हे मी मुलांना शिकवलंय. मी सगळ्यांत जास्त हसले.

"आगं बया, चेअरमनला गाडी लागती?" कडूबाई मागे वळून मनापासून हळहळली. "त्यास्नी पुडं बसवा की!"

"तुमी मागं वळू नगा," गुरुसिद्धप्पा घाईने म्हणाला. "रस्ता बघा." पुढे ट्रॅक्टर वळून गेला होता आणि रस्ता मोकळा होता. ती रस्ता बघू लागली. पाचच मिनिटांत तिने पुढे जाणाऱ्या जीपकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "काढ की पुडं, काय बघतोस?"

दुधनीत शिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. दीपमालाचं घर गल्लीच्या तोंडाशी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, आत मांडव. अंगणात तिने बाज टाकून ठेवली होती, वर गोधडी, उशी; शेजारी पाण्याची बादली, लिंबू चिरून ठेवलेलं. आई येणार म्हणजे कशी येणार, हे तिला ठाऊक होतं. तिची सासू उंबऱ्यात उभी होती आणि मांडवातल्या बायका बाहेर बघत होत्या.

गाडी थांबली. दीपमाला हातात तांब्या घेऊन धावत आली, ती थेट मागच्या दाराशी. दार उघडलं. आधी बिरदेव उतरला, मग त्याच्या खांद्यावर हात टाकून पिवळे पडलेले आमचे हे उतरले. दीपमाला त्यांच्या आडून आत डोकावू लागली, शेवटच्या बाकाकडे. बाक रिकामा होता. तिचा चेहरा पडला. "बाई," ती मला म्हणाली, "आई न्हाय आली?"

तोवर गुरुसिद्धप्पाने पुढून फिरून पलीकडचं दार उघडलं होतं. त्याने हात पुढे केला, पण कडूबाईने तो धरला नाही. दांडीला धरून ती आपली आपण उतरली, लुगड्याचा घोळ झटकला आणि गाडीला वळसा घालून लेकीच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"मागं काय बघायलीस गं?" ती म्हणाली. "म्या पुडं हाय."

दीपमाला वळली. तांब्या तिच्या हातातच होता, पण ती तो द्यायचंही विसरली आणि बोलायचंही विसरली. सासूबाई लगबगीने खाली आल्या. "या इहीणबाई, या. लांबचा परवास. पडा जरा बाजंवर."

कडूबाईने बाजेकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. "बाजंवर चेअरमनला निजवा," ती म्हणाली. "म्या निजायला आले न्हाय. भूक लागलीय मला, पर त्याच्या आदी माझ्या लेकीचं घर दावा."

मग दीपमालाला आवाज फुटला. रडत, हसत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ती मांडवातल्या बायकांना सांगू लागली, "माझी आई आलीया! बेंबळीस्नं! माझी आई आलीया!" गुरुसिद्धप्पा बोनेटला टेकून उभा होता. आम्हाला गाणगापूरला उशीर होत होता, पण त्या दिवशी त्याने हॉर्न वाजवला नाही.